'मॅकेनाज गोल्ड'मध्ये ग्रेगरी पेकचं काय बिनसलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातली वडीलधारी मंडळी ज्याचं नाव निघालं की खुर्चीत सावरून बसतात, तो 'मॅकेनाज गोल्ड' एकदाचा पाहिला. शेवटच्या भूकंपाला हसू आलं, मधे दोन-तीनदा हात फोनकडे गेला, आणि सगळ्यात जास्त खटकला तो ग्रेगरी पेक. 'टु किल अ मॉकिंगबर्ड'मध्ये नुसत्या उभं राहण्यानं अख्खं न्यायालय तोलून धरणारा हा माणूस इथं इतका लाकडी का? नट थकला होता, दिग्दर्शक कच्चा होता, की वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांच्या अमेरिकी चित्रपटांचा प्रकारच, आता शिळा झालाय? आणि पेकचे इतर वेस्टर्न बघावेत की नाद सोडावा?

यातलं तिसरं कारण सोडून द्या. त्याच पेकचे दोन-तीन वेस्टर्न आजही ताठ उभे आहेत, त्यांच्याकडे पुढे येतोच. पहिलं कारणही मला पटत नाही. माझं आयुष्य संकलनाच्या टेबलावर गेलं, आधी स्टीनबेक या फिल्म जुळवायच्या यंत्रावर आणि मग संगणकावर. त्यामुळे नट चांगला की वाईट हे मी त्याच्या संवादांवरून ठरवत नाही. समोरचा बोलत असताना त्याचा चेहरा काय करतो, हे पाहतो. आवाज बंद करून 'मॅकेनाज गोल्ड'मधला पेक पाहा. तो प्रत्येक चौकटीत ऐकतोय, बघतोय, कामात आहे. पण त्याला काही ठरवायला मिळतच नाही. चित्रपट सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच पटकथेनं त्याच्या हातातून निर्णय काढून घेतलेला असतो, आणि तो शेवटपर्यंत परत दिलेला नाही.

हे कसं झालं ते कळायला हा चित्रपट कुणी आणि कशासाठी काढला ते पाहावं लागतं. १९६१ साली 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' हा दुसऱ्या महायुद्धातला थरारपट आला आणि जगभर धो धो चालला. निर्माता आणि लेखक कार्ल फोरमन, दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन, संगीत दिमित्री टिओमकिन, नायक ग्रेगरी पेक. 'मॅकेनाज गोल्ड' म्हणजे हीच मंडळी पुन्हा एकत्र आली. पटकथा आणि निर्मिती फोरमनची, दिग्दर्शन थॉम्पसनचं, टिओमकिन या वेळी संगीतकार नव्हे तर सहनिर्माता, आणि नायक पेकच. फोरमन म्हणजे 'हाय नून'चा लेखक. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारणाऱ्या हॉलिवुडच्या काळ्या यादीत सापडून इंग्लंडला जावं लागलेला, पण वेस्टर्नची नाडी ओळखणारा. थॉम्पसननं पेकला घेऊन 'केप फिअर'सारखा चिवट थरारपट केलेला. छायाचित्रकार जोसेफ मॅकडोनाल्ड तर जॉन फोर्डच्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'चा. म्हणजे या संघात कच्चं कुणीच नव्हतं. गाजलेल्या कारागिरांचा फसलेला चित्रपट नवशिक्यांच्या फसलेल्या चित्रपटापेक्षा नेहमीच जास्त शिकवून जातो, म्हणून मी तो विद्यार्थ्यांना हटकून दाखवतो.

गोष्टीचं बीज विल हेन्रीच्या १९६३ सालच्या कादंबरीतलं. तिच्यामागे अमेरिकेच्या नैऋत्येत सांगितली जाणारी ॲडम्सच्या हरवलेल्या खाणीची दंतकथा आहे: ॲडम्स नावाच्या माणसाला अपाची या मूळ अमेरिकी जमातीच्या मुलखात सोन्यानं भरलेली दरी सापडली, साथीदार मारले गेले आणि ती जागा पुन्हा कुणाला सापडली नाही. चित्रपटात मार्शल मॅकेना, म्हणजे पेकनं केलेला कायद्याचा अंमलदार, वाळवंटातून चाललेला असतो. एक म्हातारा अपाची सरदार त्याच्यावर गोळी झाडतो आणि उलट गोळीनं स्वतःच जबर जखमी होतो. त्याच्याजवळ सोन्याच्या दरीचा नकाशा असतो. मॅकेना एकेकाळी स्वतः सोनं शोधत फिरलेला, असल्या नकाशांना विटलेला. तो नकाशा बघतो आणि जाळून टाकतो. तेवढ्यात कोलोरॅडो हा दरोडेखोर, म्हणजे ओमर शरीफ, टोळी घेऊन पोचतो. नकाशाची राख झालेली. आता नकाशा एकाच ठिकाणी उरलाय, मॅकेनाच्या डोक्यात.

इथं जरा थांबून या कल्पनेला दाद द्यायला हवी. ज्याचा सोन्यावर विश्वास नाही तोच माणूस सोन्याचा नकाशा झालाय. त्याला मारता येत नाही आणि सोडताही येत नाही. वाटेत तो खोटं सांगू शकतो, वाट चुकवू शकतो, सौदा करू शकतो. किंवा हळूहळू, स्वतःच्याही नकळत, नकाशावर विश्वास ठेवू लागू शकतो. शेवटची शक्यता तर पेकसाठी घडवून घेतल्यासारखी आहे: तत्त्वाचा माणूस आतून किडत जातोय, आणि ते फक्त त्याच्या डोळ्यांत दिसतंय. नायकाकडे यापेक्षा मोठा हुकमाचा पत्ता असूच शकत नाही.

आणि चित्रपट हा पत्ता खेळतच नाही. मॅकेना मुकाट्यानं पुढे चालतो आणि वाट दाखवत राहतो. तो अडकलाय हे खरं, न्यायाधीशाची मुलगी इंगा ओलीस आहे हेही खरं. पण ओलीस ठेवलेली मुलगी हे नायकाला कामाला जुंपायचं सर्वांत स्वस्त कारण. त्यानं नायक हलतो, पण आतून ढवळला जात नाही. 'काय वाटेल ते झालं तरी मुलीला वाचवायचं' असं पहिल्याच फटक्यात ठरलं की उरलेल्या प्रवासात ठरवायचं काय राहिलं?

पेकच्या अभिनयाची सगळी ताकद निर्णयाच्या अलीकडच्या क्षणात आहे. काही नट कृतीत खुलतात, काही बोलण्यात. पेक खुलतो तो 'करू की नको' या विरामात. 'द बिग कंट्री'मध्ये, म्हणजे विल्यम वायलरच्या १९५८ सालच्या चित्रपटात, सगळं गाव त्याला भित्रा म्हणतं. सगळ्यांदेखत मस्तवाल घोड्यावर बसायला तो नकार देतो आणि मागाहून, एकटा नोकर बघत असताना, पडत-आपटत तोच घोडा काबूत आणतो. चार्लटन हेस्टनशी दोन हात करायचे तेही रात्री, कुणी बघत नसताना. वायलरनं ती मारामारी लांबून, प्रचंड माळावर दोन ठिपके झगडताहेत अशी दाखवली आहे. 'द गनफायटर'मध्ये, १९५० साली, तर तो बराचसा वेळ गुत्त्यात बायकोच्या निरोपाची वाट बघत नुसता बसलेला असतो. भिंतीवर घड्याळ आहे, मागावर माणसं आहेत. उठावं की अजून थोडं थांबावं, यावर अख्खा चित्रपट उभा आहे.

याच फोरमन-थॉम्पसन जोडीनं 'नॅव्हरोन'मध्ये पेककडून काय करून घेतलं ते आठवा. पाय मोडलेल्या सहकाऱ्याला तो मुद्दाम खोटी माहिती देतो. पुढे हा जखमी शत्रूच्या हाती लागेल, औषध टोचलं की बोलेल, आणि जर्मन फसतील, हा हिशेब. मित्राचा असा वापर करताना पेकचा चेहरा दगडासारखा असतो आणि तो दगड आतून तडकलेला दिसतो. पुढे टोळीतली फितूर मुलगी सापडते. तिला गोळी कुणी घालायची? डेव्हिड निव्हन त्याला टोचून टोचून तिथवर आणतो. पेक पिस्तूल उचलतो, आणि गोळी झाडते दुसरीच. त्या दृश्यात पेकला वाक्यं फार नाहीत, पण संकलकाला प्रत्येक दोन वाक्यांमध्ये त्याच्याकडे परत जावंसं वाटतं, कारण दर वेळी चेहऱ्यावर नवीन काही चाललेलं असतं. 'मॅकेनाज गोल्ड'मध्येही कॅमेरा वारंवार पेककडे येतो, पण चेहऱ्यावर तेच आहे जे मागच्या वेळी होतं. त्यानं वेगळं द्यावं तरी काय? प्रसंगात बदललेलंच काही नाही.

ही भूमिका आधी क्लिंट ईस्टवुडला देऊ केली होती आणि त्यानं 'हँग एम हाय'साठी ती सोडली, असं सांगितलं जातं. हे ऐकलं की मला बरेच धागे जुळतात. ईस्टवुडचा चेहरा नुसता वाट बघत असला तरी पडद्यावर धोका तयार होतो. बांधलेला ईस्टवुड म्हणजे अजून न सुटलेला ईस्टवुड. बांधलेला पेक मात्र सज्जन माणूस बांधलाय एवढंच सांगतो. नट दोघंही मोठे, पण एकाच्या मापाचा अंगरखा दुसऱ्याला घातला तर शिवण उसवणारच.

आता कापाकापीकडे येतो, कारण माझ्या दृष्टीनं उरलेला गुन्हा तिथं आहे. हा चित्रपट जवळपास तीन तासांचा, मध्यंतर असलेला, भव्य पडद्यावर जादा दरानं दाखवायचा 'रोड शो' म्हणून योजलेला होता. चित्रीकरण १९६७ सालचं आणि अमेरिकेत प्रदर्शन मे १९६९ मध्ये, अवघ्या १२८ मिनिटांचं. जवळजवळ एक तृतीयांश गेला. लांबी कमी केल्यानं चित्रपट जलद होतो हा निर्मात्यांचा आवडता गैरसमज आहे. नेहमी तसं होत नाही. घटना तेवढ्याच ठेवून घटनांमधली माणसं कापली, तर चित्रपट छोटा होतो आणि वाटतो मात्र लांब.

सर्वांत मोठा पुरावा म्हणजे मॅकेनाच्या हॅडलीबर्ग गावाहून आलेली प्रतिष्ठित मंडळी. सोन्याची वार्ता लागून गावातले सभ्य लोक कोलोरॅडोच्या तळावर येऊन थडकतात. संपादक आहे ली जे. कॉब, धर्मोपदेशक रेमंड मॅसी, दुकानदार बर्जेस मेरेडिथ, शिवाय इलाय वॉलाक, इंग्रज गृहस्थ म्हणून अँथनी क्वेल, आणि आंधळा ॲडम्स म्हणून एडवर्ड जी. रॉबिन्सन. ही यादी वाचूनच तोंडाला पाणी सुटतं. यातल्या कुणाही दोघांना एका खोलीत कोंडलं तरी दीड तासाचं नाटक होईल. इथं प्रत्येकाला ओळख करून द्यायला एक-दोन वाक्यं मिळतात, हाव दाखवायला एक क्लोजअप, आणि मग पाणवठ्यावर घोडदळाच्या गोळीबारात जवळजवळ सगळी फळी साफ! एवढी माणसं जमवायला जो वेळ खर्च केला तो सगळा वाया, कारण ती मेल्याचं कुणाला काही वाटत नाही. आपल्याला नाही आणि मॅकेनालाही नाही. खरं तर कायद्याचा हा माणूस आपल्याच गावच्या लोकांना मृत्यूच्या वाटेनं घेऊन चाललाय! त्याच्या डोक्यातल्या नकाशापायी ही माणसं मेली. एक पूर्ण दृश्य, गोळीबारानंतरचं, पेक आणि ती प्रेतं, एवढं मिळालं असतं तर चित्रपटाचा पाठीचा कणा सरळ झाला असता. ते चित्रित झालं होतं की नव्हतं, याच्याशी प्रेक्षकाला काय करायचंय? पडद्यावर ते नाही.

या सगळ्यात रॉबिन्सन मात्र वाचतो. डोळे गेलेला म्हातारा ती दरी कशी दिसली ते सांगतो, आणि त्या दोन-चार मिनिटांत सोनं खरं वाटतं. पुढे प्रत्यक्ष पडद्यावर सोन्याची शीर चमकते तेव्हा ती रंगवलेल्या खडकासारखी दिसते. ऐकलेलं सोनं पाहिलेल्या सोन्याहून जास्त झळाळतं, हे फोरमनसारख्या लेखकाला ठाऊक नसणार असं नाही.

टेली सॅव्हालसचा सार्जंट टिब्स हाही असाच वाया गेलेला पण मजेशीर प्राणी. पाठलागावर असलेला हा सैनिक उरलेल्या स्वतःच्याच माणसांना मारून टोळीत सामील होतो. किती थंडपणे करतो ते! बघा, ठरवण्याची संधी ज्याला मिळाली तो तात्काळ उठून दिसतो. शरीफचंही तेच. कोलोरॅडो हा हावरट, बढाईखोर, हसरा, लहान मुलासारखा हट्टी आहे, आणि प्रत्येक दृश्यात त्याला काहीतरी हवंय. इजिप्तचा नट मेक्सिकन दरोडेखोर करतोय, उच्चार कुठल्याच देशाचे नाहीत, तरी नजर त्याच्यावरच राहते. याउलट हेश-के ही अपाची बाई, ज्युली न्यूमार, मॅकेनावर जुना राग धरून आहे. म्हणजे पेकच्या पात्राला एक भूतकाळ होता, त्यात एक स्त्री होती, कदाचित एक अपराधही होता. चित्रपट या सगळ्याचा उपयोग दोन बायकांना पाण्यात आणि कड्यावर झुंजवण्यापुरता करतो.

तुम्ही हसलात त्या ट्रिकांबद्दल. हसणं रास्त आहे, पण नेमकं कशाला हसू येतं ते सांगतो. चित्रपट सुपर पॅनाव्हिजन ७० या रुंद निगेटिव्हवर चित्रित झाला. यूटाचा ग्लेन कॅन्यनचा परिसर, ॲरिझोनातली कॅन्यन डी शे, आणि नदीच्या धारेसाठी ओरेगन. ६५ मिमीच्या निगेटिव्हमध्ये दगडावरची रेघन् रेघ उतरते. आता अशा खऱ्या, कोरीव दृश्याला लागून स्टुडिओतलं बॅक प्रोजेक्शन जोडा: पेक लाकडी घोड्यावर डुलतोय, मागे पडद्यावर आधी चित्रित केलेली दरी हलतेय, उजेड वेगळ्या दिशेचा, मागच्या चित्राची धार बोथट. साध्या ३५ मिमीच्या चित्रपटात हे खपून गेलं असतं. इथं मूळ दृश्यच इतकं धारदार आहे की लबाडी लगेच उघडी पडते. झुलत्या पुलावर आणि तराफ्याच्या प्रसंगात हेच घडतं. खरं पाणी, खोटं पाणी, खरं पाणी. संकलकानं कट लहान करून झाकायचा प्रयत्न केलाय, ते दिसतं. पण दोन जातीची चित्रं शेजारी बसली की कट जितका जलद तितका धक्का जास्त. आजकाल संगणकावर केलेल्या दऱ्या-डोंगरांतही हाच रोग आहे, फक्त औषध महाग झालंय.

एका ट्रिकेवर मात्र मी जीव टाकतो. दरीची वाट दाखवणारा सुळका, चित्रपटातला 'शेकिंग रॉक', प्रत्यक्षात कॅन्यन डी शेमधला स्पायडर रॉक आहे. हा मुलूख नव्हाहो या मूळ अमेरिकी जमातीचा. वीणकाम शिकवणाऱ्या कोळी-आजीचं ते घर, असं ते मानतात; अपाचींच्या सोन्याशी त्याचा संबंध हॉलिवुडनं लावला. सूर्य उगवतो आणि सुळक्याची सावली जमिनीवर लांब लांब होत जाऊन गुप्त वाटेकडे बोट दाखवते. आता सूर्य वर चढताना सावली आखूड व्हायला हवी, हे शाळेतलं पोरही सांगेल. तरी ते दृश्य काम करतं, कारण तिथं सगळे गप्प आहेत, सगळे बघताहेत, आणि काहीतरी आपोआप, हळूहळू उलगडतंय. शास्त्र चुकलं तरी चालतं, पण प्रेक्षक बघत राहायला हवा. भूकंपात शास्त्र चुकतं आणि बघणंही सुटतं, कारण तिथं कुणी कुणाकडे बघत नाही. सगळे फक्त पळतात.

याच पेकचा आणि याच मॅकडोनाल्डचा, सोन्याच्याच हावेवरचा, एक वेस्टर्न १९४८ सालचा आहे: विल्यम वेलमनचा 'यलो स्काय'. कृष्णधवल. तो पाहिल्याशिवाय माझ्या या उत्तरावर विश्वास ठेवू नका. बँक लुटून पळालेली टोळी डेथ व्हॅलीतलं मिठाचं वाळवंट तुडवते, पाण्यावाचून मरायला टेकते आणि एका ओसाड गावात पोचते. तिथं एक म्हातारा, त्याची नात आणि कुठंतरी लपवलेलं सोनं. पेक टोळीचा म्होरक्या आहे. तो अर्ध्या सोन्याचा शब्द देतो, आणि मग सोबत्यांना तो शब्द मोडायचा असतो. पाळावा की मोडावा? बस्स, एवढंच. घोडे मीठ तुडवत चाललेत त्या चित्रांना पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. आणि शेवटचा गोळीबार तर गुत्त्याच्या आत होतो आणि कॅमेरा बाहेरच थांबतो! आपण फक्त आवाज ऐकतो, मग नात धावत आत शिरते तेव्हा तिच्याबरोबर आपल्याला कळतं कोण उरलं. कोट्यवधींचा भूकंप एका बाजूला आणि बंद दारामागचे दोन-तीन बार एका बाजूला. मॅकडोनाल्ड १९६८ साली वारला, 'मॅकेनाज गोल्ड' पडद्यावर यायच्या आधीच. त्याच्या कामाचा निवाडा या चित्रपटावरून कुणी करू नये.

चित्रपटाचा आणखी एक बळी म्हणजे त्याचं वर्ष. १९६९ साली अमेरिकेत 'द वाइल्ड बंच' आला, 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड' आला, लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' तिकडे पोचला. वेस्टर्नचं व्याकरणच त्या वर्षी बदललं. त्यात १९६१ च्या यशाचा साचा घेऊन, सुरुवातीला 'हाय नून'सारखं गाणं लावून आलेला हा पाहुणा जुनाट दिसणं भागच होतं. गाणं मात्र सुंदर आहे. क्विन्सी जोन्सचं संगीत, होसे फेलिसियानोचा आवाज, वर घिरट्या घालणारं गिधाड आणि खाली माणसांची हाव. गिधाड सगळं पाहून बसलंय. माणसांचं काय होणार ते त्याला आधीच ठाऊक. अख्ख्या चित्रपटाचा दृष्टिकोन त्या गाण्यात आहे, आणि तो पुढे कुठंही परत येत नाही.

याच वाळवंटात तेव्हा आणखी एक जण चित्रीकरण करत होता, हे जाता जाता सांगण्यासारखं. फोरमननं चित्रपटाच्या निर्मितीवर लघुपट करायला काही विद्यार्थी बोलावले होते. त्यातला एक जॉर्ज लुकास, पुढे 'स्टार वॉर्स' काढणारा. त्यानं नट-नट्यांकडे फारसं लक्ष न देता वाळवंट, ढग आणि उजेड टिपले, आणि ज्या दिवशी काम संपलं ती तारीखच शीर्षक म्हणून दिली: १८ जून १९६७. ज्या जागेवर एवढा खर्च चालला होता, तिथली खरी गोष्ट जागाच होती हे त्या पोराला कळलं होतं.

मग घरातली मंडळी चुकीची का? अजिबात नाही, आणि त्यांच्याशी हुज्जत घालू नका. अमेरिकेत पडलेला हा चित्रपट आपल्या देशात तुफान चालला, पुन्हा पुन्हा लागत राहिला. सोव्हिएत संघातही १९७४ साली त्याची सहा कोटींहून अधिक तिकिटं खपली. गिधाडाचं गाणं तिथं वालेरी ओबोद्झिन्स्कीच्या आवाजात रशियन भाषेतून गाजलं. दोन्हीकडचा प्रेक्षक वेस्टर्नवर वाढलेला नव्हता, म्हणून साचा जुना झालाय हे त्याला जाणवायचं कारण नव्हतं. आपल्याकडे तर ही गोष्ट आधीपासूनच ओळखीची होती. भुयार, अर्धवट नकाशा, शापित गुप्तधन, त्यावर पहारा देणारं काहीतरी, आणि हावरटांना शेवटी धरणीनं गिळणं. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या पिढीला यात वेस्टर्न नव्हे, गुप्तधनाची गोष्ट दिसली, आणि गुप्तधनाच्या गोष्टीत नायक निर्णय घेतो की नाही हे कुणी विचारत नाही. तिथं महत्त्व धनाला, पहारेकऱ्याला आणि खलनायकाला. खलनायक शरीफ होता. बाकी काम भल्या थोरल्या पडद्यानं केलं. त्या पडद्यावर सुळक्याची सावली अंगावर आली असेल, दरी कोसळताना खुर्ची हादरली असेल. तुम्ही तोच चित्रपट दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पाहिलात. पडदा लहान झाला की भव्यता आधी जाते, आणि उरते ती पटकथा. नेमकी तीच इथं कमजोर आहे.

शेवटाकडे मुद्दाम पुन्हा बघा, कारण तिथं माझं म्हणणं सर्वांत स्पष्ट दिसतं. दरी कोसळते, मॅकेना, इंगा आणि कोलोरॅडो कसेबसे बाहेर पडतात. मॅकेना कोलोरॅडोला बजावतो की मी तुझ्या मागावर येणारच, आणि वाटा वेगळ्या होतात. मॅकेना ज्या घोड्यावर निघालाय तो टिब्सचा, आणि त्याच्या खोगिराच्या पिशव्यांत टिब्सनं ठासलेलं सोनं आहे. मॅकेनाला याचा पत्ताही नाही. कल्पना खट्याळ आहे, मला हसू येतं. पण विचार करा, सबंध चित्रपटभर ज्याला सोनं घ्यावं की नाकारावं हा प्रश्नच पडला नाही, त्याला ते शेवटी घोडा बदलल्यामुळे मिळालं. 'यलो स्काय'मधला पेक लुटीचे पैसे बँकेत परत नेऊन देतो. तिथं त्याला जे करायचंय ते तो स्वतः ठरवून करतो.

तुम्ही विचारलंय की आता पेकचे इतर वेस्टर्न बघावेत की नाद सोडावा. आधी 'यलो स्काय' बघा, रात्री, दिवे घालवून, कारण त्यातले काळे रंग उजेडात मरतात. मग 'द गनफायटर', तो एका बैठकीत संपतो. 'द बिग कंट्री' पावणेतीन तासांच्या आसपास आहे, त्याला सुट्टीचा दिवस द्या आणि मिळेल तेवढा मोठा पडदा शोधा. 'द ब्राव्हाडोज' त्यानंतर. तिथं पेक सूडानं पेटलेला आहे आणि ज्यांना मारतोय ते खरे गुन्हेगार आहेत का, हा निर्णय त्याच्या गळ्यात अडकतो. 'डुएल इन द सन'मध्ये तो चक्क वाईट माणूस आहे, ते चवीपुरतं. आणि घरच्यांना पुन्हा 'मॅकेनाज गोल्ड' लावायचा झाला तर खुशाल लावा, त्यांच्या शेजारी बसा. फक्त रॉबिन्सन बोलायला लागला की फोन खाली ठेवा.